सतरा सेंटिमीटर

बाबा,

आज शनिवार, पंधरा नोव्हेंबर. सकाळी सहाला उठले, पोळ्या केल्या, बटाट्याची भाजी डब्यात भरली आणि त्सुकुबाहून उत्तरेकडे डोंगरात दोन तास गाडी चालवत गेले. तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थांना भेटले. त्यांच्या रानात एका झाडाचं माप दोनदा घेतलं. चारच्या सुमारास निघाले आणि सहाच्या आत घरी पोचले. दिवसभर स्वच्छ ऊन होतं.

तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. मी इथे जपानात शिकायला आले तेव्हा दर पंधरवड्याला तुम्हाला पत्र लिहायचे, आणि तुमचं चार ओळींचं उत्तर यायचं: पाऊस किती झाला, सागाच्या कुठल्या कंपार्टमेंटमध्ये विरळणी चालू आहे, आईचा गुडघा कसा आहे, आणि शेवटी ‘जेवण वेळेवर करत जा’. मी माझ्या कामाबद्दल लिहायचे, पण वरवर. तुम्हाला समजणार नाही असं वाटायचं म्हणून नव्हे. तुम्ही वनपाल, सगळा जन्म चंद्रपूरच्या बाजूला सागाच्या रोपवनांत काढलेला. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त समजलं असतं. मला तेव्हा स्वतःलाच नीट समजलेलं नव्हतं. मग तुम्ही गेलात. मी तिसऱ्या दिवशी पोचले. त्यामुळे मी काय काम करते हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

तर ते आधी सांगते. इथे डोंगरच्या डोंगर माणसांनी लावलेल्या झाडांचे आहेत. सुगी आणि हिनोकी, दोन्ही सूचिपर्णी, बाणासारखी सरळ वाढणारी. साठ-सत्तर वर्षांपूर्वी घरं बांधायला लाकूड हवं होतं म्हणून गावोगावच्या लोकांनी उतारांवर रोपं लावली. लावणारे आता म्हातारे झाले, मुलं टोकियोला गेली, आणि झाडं मात्र तिथेच उभी आहेत. ती कधी विरळ करायची, किती काढायची, शेवटची तोड कधी करायची, हे मालकांना कुणीतरी सांगावं लागतं. तुमच्याकडे त्यासाठी तक्त्यांचं एक जाडं पुस्तक होतं. रोपवनाचं वय आणि उंची बघायची आणि त्या रकान्यावर बोट ठेवायचं. मी त्या तक्त्याच्या जागी समीकरण लिहिते. रानाचे कायमचे आखलेले तुकडे असतात, त्यांतली तीच झाडं दर पाच वर्षांनी मोजतात, आणि त्या मापांवरून संगणकाला शिकवायचं की अशा मातीत, एवढ्या दाटीत, झाड पुढच्या पाच वर्षांत किती जाड होईल, किती उंच जाईल, कोणतं मागे पडून मरेल. मला हे काम आवडतं. शांत काम आहे. तुम्ही सागाच्या शेंड्याकडे मान वर करून बघायचात आणि म्हणायचात, ‘याची घाई संपली आता.’ झाडाची वाढ मंदावल्याची तीच गोष्ट मी आकड्यांत लिहिते.

मोजायला तुम्ही शिकवलंत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमच्या सायकलवर मागे बसून रोपवनात यायचे. सकाळचं ऊन अजून तापलेलं नाही, सागाची पानं गळून गेलेली, पायाखाली त्यांचा कुरकुर आवाज. तुमच्या हातात टेप, माझ्या हातात वही. बुंधा छातीइतक्या उंचीवर मोजायचा, जमिनीपासून एक मीटर सदतीस. त्यासाठी तुमच्याकडे बांबूची एक दांडी होती, खूण केलेली. मी सोळा वर्षांची झाले त्या उन्हाळ्यात तुम्ही मला शेजारी उभं केलंत, तुमच्या खाकी शर्टाच्या तिसऱ्या बटणापासून माझ्या खांद्याखाली हात आडवा नेलात आणि हसलात. ‘आता आपली छाती एका मापाची झाली. तुले दांडी लागत नाही, पोरी.’ आणि खरंच लागत नव्हती. तुम्ही मागून येऊन दांडी लावून बघायचात आणि माझी टेप बरोबर खुणेवर असायची. घरी आल्यावर आईला सांगितलंत, ‘हिचा हात पाहा, यंत्र आहे यंत्र.’ तुम्ही तोंडावर कौतुक करणारे नव्हतात. म्हणून ते मला पाठ आहे.

तुम्ही रागावलात तोही दिवस पाठ आहे. तो त्याच्या आधीचा, मी बारा-तेरा वर्षांची असतानाचा. एका सागाच्या बुंध्यावर लाल मुंग्यांची रांग आहे. मला जवळ जायचं नाहीये. तुम्ही पलीकडच्या झाडापाशी वही घेऊन उभे.

‘किती आलं?’

‘एकशे बारा.’

‘मोजून सांगून राहिली का पाहून?’

मी मुंग्यांकडे बघितलं.

‘जाय. मोज.’

मी गेले. दोन्ही हातांना मुंग्या चावल्या. घेर अठ्ठ्याण्णव निघाला. तुम्ही एकशे बारावर एकच आडवी रेघ मारलीत, आकडा तसाच वाचता येईल अशी, शेजारी अठ्ठ्याण्णव लिहिलंत आणि खाली स्वतःची सही केलीत. मग आपण घरी परतलो. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. तिनं विचारलं, ‘काहून तोंड पाडून बसली ही?’ तुम्ही हात धूत म्हणालात, ‘हिनं आज एक झाड चौदा सेंटिमीटर वाढवलं. खताशिवाय.’ आई इतकी हसली की तव्यावरची भाकर जळली. मला रडू येत होतं आणि हसूही. नंतर तुम्हीच चिमट्यानं माझ्या हाताच्या मुंग्यांची तोंडं काढलीत.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येते.

इथे छातीची उंची एक मीटर वीस धरतात. आपल्यापेक्षा सतरा सेंटिमीटर खाली. हे मला माहीत होतं. पहिल्याच वर्षी शिकले, परीक्षेतही लिहिलं. पण संस्थेत मी मुख्यतः टेबलावरचं काम करायचे, मापं घेणारे वेगळे. दहा वर्षांपूर्वी मात्र मोजणीच्या एका फेरीला माणूस कमी पडला आणि त्या उत्तरेकडच्या डोंगरातला हिनोकीचा तुकडा मोजायला मी गेले. एकशे चाळीस झाडं. हिनोकीची साल उभ्या लांब पट्ट्यांनी सुटून येते, त्यामुळे आधीच्या फेरीत मापाच्या उंचीवर मारलेले रंगाचे पट्टे जवळजवळ सगळे गळून गेले होते. एक मीटर वीसची काठी गाडीत होती. गाडी खाली रस्त्यावर, मी वर चढलेली. मला वाटलं, मला कुठे काठी लागते. मी दिवसभर मोजत राहिले आणि त्या दिवशी मला फार बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर, तुम्ही मागून येऊन बघाल असंच वाटत होतं. हात आपोआप तिसऱ्या बटणाशी जात होता.

बुंधा वर निमुळता होतो. सतरा सेंटिमीटर वर मोजलं की व्यास तीन-चार मिलिमीटर कमी येतो. ऐकायला काहीच नाही. पण पन्नास वर्षांच्या हिनोकीचा व्यास पाच वर्षांत सगळा मिळून सेंटिमीटरभर वाढतो. त्यातला तिसरा हिस्सा मी खाऊन टाकला. कागदावर ते रान एकदम खुंटलेलं दिसलं. मी समीकरण चालवलं आणि अहवाल दिला: दाटी फार झाली आहे, जोरदार विरळणी करा, दर पाचातली दोन झाडं काढा. मालकांनी काढली. पाच वर्षांनी दुसऱ्या माणसानं काठी लावून योग्य उंचीवर मोजलं, आणि माझे हरवलेले मिलिमीटर परत आले. आलेखावर ती मोठी उडी दिसली. सगळे म्हणाले, बघा, विरळणीनं रान कसं उसळलं. मीही म्हणाले. दोन सभांत मी तो आलेख दाखवला, बाबा. मग यंदाच्या फेरीत वाढ साधीच निघाली, जशी असते तशी. पण त्या खोट्या उडीच्या शेजारी ती मंदावल्यासारखी दिसली. उन्हाळ्यात मालकांनी पुढचं विचारलं तेव्हा माझ्या समीकरणानं सांगितलं, रानाची घाई संपली, आता शेवटची तोड करायला हरकत नाही. त्या पत्रावरही माझंच नाव आहे.

मागच्या महिन्यात कळलं. माझ्याच वयाची एक सहकारी आहे, तोंडानं फटकळ, तिच्याबरोबर संस्थेच्या आवारातल्या झाडांवर नवी टेप तपासत होते. ती काठी धरून उभी होती आणि मी सवयीनं टेप गुंडाळली. ती हसायला लागली.

‘अहो, छातीचं माप घेताय की गळ्याचं? झाडाला कोट शिवायचाय का?’

मी खाली बघितलं. काठीचं टोक माझ्या टेपच्या बरंच खाली होतं. वीतभरापेक्षा थोडं कमी. मीही हसले तिच्याबरोबर. नंतर टेबलाशी बसून ती दहा वर्षांपूर्वीची फेरी उघडली, त्यात सगळीकडे साडेतीन मिलिमीटर मिळवले आणि आलेख पुन्हा काढला. घसरण नाहीशी झाली, उडीही, मंदावणंही. एक सरळ, हळूहळू चढत जाणारी रेघ उरली. रानाला काहीही झालेलं नव्हतं. कधीच.

विभागप्रमुखांना मी याच गुरुवारी सांगितलं, तेही तीन आठवडे गिळून. ते भले आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला. म्हणाले, ‘आकडे पुन्हा तपासू. मग मालकांना दुरुस्तीचं पत्र जाईल. सगळ्यांचे शिक्के पडले की जाईल. दोनेक महिने धरा. तोवर तुम्ही काही बोलू नका, गोंधळ होतो.’ इथे असंच चालतं. चूक एकाची राहत नाही, टेबलाटेबलावरून फिरून ती सगळ्यांची होते आणि मग बाहेर जाते. त्यात वाईट काही नाही, मी वीस वर्षं त्याच्या आडोशाला आरामात राहिले आहे. पण मला माहीत होतं की तोडीचं काम करणाऱ्या सोसायटीचा कागद मालकांच्या टेबलावर आहे आणि सोमवारी माणूस येऊन तो सहीसकट घेऊन जाणार आहे. शेजारच्या डोंगरावर यंत्रं आलेली आहेत. ती परत जायच्या आत हेही रान आडवं करायचं ठरलेलं. दोन महिन्यांनी पोचणारं पत्र तोडल्यावर जमिनीत उरलेल्या थुंट्यांना वाचून दाखवावं लागलं असतं.

म्हणून आज गेले. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या गाडीनं, कुणाला न सांगता.

मालक चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. मी मनातल्या मनात त्यांना आजोबा म्हणते. ते मला ‘सेन्सेई’, म्हणजे गुरुजी, म्हणतात, त्याची मला नेहमीच लाज वाटते. लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं मिळून ती रोपं लावली. पाठीवर वाहून, उतारावर दोरी ताणून. आजी मला चांगल्या आठवतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मी मासे खात नाही हे ऐकून त्या थक्क झाल्या होत्या. माझ्यासाठी आत उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेले भाताचे गोळे आणि काकडी पुढे ठेवून म्हणाल्या, ‘काकडी खाऊन ही बाई डोंगर चढते! आणि आमचा मुलगा गाईचं मांस खातो तरी लिफ्टनं जातो.’ त्या चार वर्षांपूर्वी गेल्या.

आजोबा ओसरीवर पर्सिमनची फळं सोलत बसले होते, सुकवायला. मला बघून उठले, चहा केला. कागद खरंच टेबलावर होता, लिफाफ्यात, शेजारी सहीऐवजी मारायच्या शिक्क्याची डबी. मी खाली बसून वाकून म्हणाले की माझ्या मोजण्यात चूक झाली होती, त्याची माफी मागायला आले आहे. ते लगेच मलाच वाकले. ‘छे, छे, एवढ्या लांब आलात, आम्हीच तुम्हाला त्रास देतो.’ मी पुन्हा म्हणाले. ते पुन्हा वाकले आणि चहा पुढे सरकवला. इथे दिवसातून वीस वेळा माणसं माफी मागतात, उशीर झाला तरी आणि लवकर आलं तरी. माझी माफीही त्यांनी तशीच घेतली. मग मी म्हणाले, ‘जरा वर येता का माझ्याबरोबर? एक झाड दाखवायचं आहे.’

ते काठी टेकत चढले. मी मागे. हिनोकीखाली उन्हाचे तुकडे पडले होते. पाचातली दोन काढल्यामुळे मधे मधे जागा मोकळी आहे, तिथे शेवाळ धरलेले थुंटे. आजोबा पहिल्याच मोठ्या झाडापाशी थांबले. मी काठी बुंध्याला लावली, एक मीटर वीसवर टेप गुंडाळली आणि आकडा त्यांना वाचायला लावला. इथली टेप घेराऐवजी सरळ व्यासच दाखवते. मग काठी बाजूला ठेवली आणि मी नेहमी जसा घेते तसा हात घेऊन पुन्हा मोजलं.

‘वाचा.’

त्यांनी चष्मा वर केला. ‘तीन मिलिमीटर कमी. साडेतीन.’

‘दहा वर्षांपूर्वी मी ही सगळी झाडं इथे मोजली. वरती. काठी खाली गाडीत होती.’

‘साडेतीन मिलिमीटर,’ ते म्हणाले. हसल्यासारखा चेहरा केला. ‘एवढ्याचं काय?’

‘पाच वर्षांत हे झाड दहा मिलिमीटर वाढतं.’

ते सगळा जन्म रानात काम केलेले गृहस्थ आहेत. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी टेपकडे बघितलं, मग थुंट्यांकडे.

‘म्हणजे ही?’ त्यांनी काठीनं एका थुंट्याकडे दाखवलं.

‘एवढी काढायची गरज नव्हती. थोडी काढली असती तर पुरलं असतं. पाडलेल्यांतली अर्ध्याहून जास्त आज उभी असती.’

‘आणि आता? सोमवारी?’

‘काढू नका. अजून वीस-पंचवीस वर्षं ही चांगली वाढतील. उन्हाळ्यात मी जे लिहिलं ते त्याच चुकीवरून लिहिलं.’

‘वीस-पंचवीस वर्षं,’ ते म्हणाले. ‘ती वाढतील. माझं सांगता येत नाही.’ तो विनोद होता, पण मला हसता आलं नाही आणि त्यांनीही वाट बघितली नाही. ते त्या थुंट्यावर बसले. मग जमिनीकडे बघत बोलायला लागले, सावकाश, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगत आहेत. ‘तेव्हा माझी बायको नको म्हणत होती. एवढी झाडं कशाला पाडता, चांगली तर दिसतायत, म्हणाली. आमचं भांडण झालं. तीन दिवस बोलली नाही. मी तिला म्हटलं, तुला काय कळतं, त्सुकुबाच्या सेन्सेईंनी हिशेब करून दिलाय. झाडं पडत होती तेव्हा ती खाली अंगणातसुद्धा आली नाही. नंतर ती उडी निघाली ना, तुम्ही आलेख पाठवलात, तो मी तिला दाखवला. म्हटलं, बघ.’

‘मग?’ मी विचारलं. विचारायला नको होतं.

‘म्हणाली, बरं. तुमचंच खरं.’ ते उठले. ‘शेवटपर्यंत तसंच राहिलं ते.’

उतरताना त्यांनी माझ्याकडे मागे वळून बघितलं नाही. घरी येऊन त्यांनी लिफाफा उचलला, कागद न काढता त्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि फडताळात ठेवला. ‘सोमवारी सांगतो त्यांना, यंदा नाही,’ म्हणाले. आवाज साधा होता. मग म्हणाले, ‘पुढच्या फेरीला दुसऱ्या कुणाला पाठवलंत तर बरं होईल.’ तेही तशाच साध्या आवाजात, अगदी अदबीनं. मी हो म्हणाले.

इथे पाहुणा निघाला की घरातली माणसं रस्त्यापर्यंत येतात आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत उभी राहतात. हे दोघं नेहमी यायचे, आजी हातात मुळ्याची जुडी नाही तर चार रताळी कोंबायच्या. त्या गेल्यावर आजोबा एकटे यायचे. आज ते दारातूनच आत वळले. मी पायरीवर बूट चढवत होते. आतल्या खोलीत, जिथे आजींचा फोटो आहे, तिथली, गेलेल्यांसमोर वाजवतात ती छोटी घंटा वाजली. एकदाच. त्यानंतर त्यांचं बोलणं ऐकू यायला लागलं, हळू आवाजात, सलग. मी दुसऱ्या बुटाची नाडी न बांधताच गाडीपाशी आले.

सोमवारी मला विभागप्रमुखांनाही सांगावं लागेल की मी त्यांचं ऐकलं नाही. ते पुन्हा चहा मागवतील. पण माझं नाव बहुधा त्या तुकड्यांच्या कामातून काढतील, आणि ते बरोबरच होईल. येताना गाडीत मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. त्या झाडांचंसुद्धा नाही. ती उभी आहेत, राहतील. मला सारखं ते आजींचं ‘बरं’ ऐकू येत होतं. त्या बाईनं नुसत्या डोळ्यांनी बघून बरोबर सांगितलं होतं आणि माझ्या आलेखानं तिला गप्प केलं. ती मरेपर्यंत गप्प राहिली. याची दुरुस्ती कुठल्या पत्रानं होणार?

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, हे मी ठरवून टाकणार नाही. तुम्ही काहीच म्हणाला नसतात अशीही शक्यता बरीच आहे.

एक गोष्ट वर लिहिताना मी गाळली, ती आता लिहिते. रानात आजोबांनी टेप वाचली, आणि साडेतीन मिलिमीटर पुन्हा म्हणण्याच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं, ‘हात इतका वर का जातो?’ मी म्हणाले, ‘वडिलांनी तसं शिकवलं. त्यांच्याकडे ते बरोबर होतं.’ हे खरंच आहे, बाबा, पण तेव्हा ते सांगायची काही गरज नव्हती. काठी गाडीत मी ठेवली होती. थोडं ओझं मी तुमच्या अंगावर टाकून बघितलं, मोठ्या माणसाला दाखवायला. त्यांनी मान हलवली आणि सहज विचारलं, ‘वडील अजून मोजतात का?’ आणि मी हो म्हणाले. का म्हणाले ते मला माहीत नाही. त्यांनी ते तसंच मानलं असेल.

बाहेर अंधार पडला आहे. भात कुकरमध्ये लावला आहे. रानातल्या पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली आहेत. ती तशीच मशीनमध्ये टाकली तर जाळी तुंबते. मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आहे. आता बसून एकेक काढते.